पाटकऱ्याचा उजवा हात

कालव्याची सगळी दारं आता ऑफिसात बसून उघडायची, असं पत्र आलं तेव्हा पाटकरी चौथ्या दाराच्या चाकाला ग्रीस लावत होता. पत्र घेऊन आलेल्या शिपायाला त्याने एवढंच विचारलं, "बसून म्हणजे? दार उघडायला कुणी उभं राहायला नको?"

"उंदीर आहे ना," शिपाई म्हणाला. "तो उघडतो."

पाटकरी हसला. शिपाईही हसला. मग शिपायाने पत्र पुन्हा वाचून दाखवलं, आणि या खेपेला कुणी हसलं नाही.

एकोणतीस वर्षं तो कालव्यावर होता. कुणाच्या शेताला कुठल्या दिवशी पाणी, दार किती उचललं की कुठवर पोचतं, सगळं त्याच्या डोक्यात. गावात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. बायकोसुद्धा रागावली की "अहो पाटकरी" म्हणायची.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. धरण निम्मंही भरलं नव्हतं. पंधरा दिवसांनी येणारी पाण्याची पाळी चाळीस दिवसांवर गेली होती. वरच्या अंगाची माणसं पाणी अडवायची, कालव्याच्या टोकाला फुटणाऱ्या शेवटच्या चारीवरच्यांच्या वाट्याला चिखल यायचा. दोनदा कालव्यावर कुऱ्हाडी निघाल्या. शेवटी खालच्या लोकांनी अर्ज केला, की पाटकरी लोक पाणी विकतात. त्यावर वरून हे उत्तर आलं. प्रत्येक दाराला मोटर बसणार, चाकं काढून नेणार. चौघा पाटकऱ्यांतले दोघे राहतील. महिनाभरात जो कॉम्प्युटर शिकेल तो.

घरी बायको गोण्या शिवत बसली होती. ऐकून म्हणाली, "आयुष्यभर घरातले उंदीर मारलेत, आता ऑफिसातला कुरवाळा."

"थट्टा नको करू. दोन वर्षं राहिलीत माझी नोकरीची."

"थट्टा कुठली? लेक आहे की घरात. ती शिकवेल."

लेक दोन वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन सासरहून आली होती, ती परत गेली नव्हती. कारण तिने सांगितलं नाही आणि या दोघांनी विचारलं नाही. स्टँडजवळच्या एका दुकानात ती लोकांचे फॉर्म भरून द्यायची, दिवसभर कॉम्प्युटरपुढे. संध्याकाळी घरी आली की डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडायची.

पहिल्या दिवशी ऑफिसच्या लांब खोलीत चौघांना खुर्च्यांवर बसवलं. शिकवायला एक मुलगी आली होती, पंचविशीची, बोलायला गोड. "काका, घाबरू नका, हा चावत नाही," ती प्रत्येकाला म्हणाली.

पाटकऱ्याने माऊस धरला तो चाक धरल्यासारखा, सगळी बोटं आवळून. बाण पडद्यावरून असा सुसाट गेला की दिसेनासाच झाला.

"कुठं गेला?"

"कोपऱ्यात आहे काका. हळू. खाली ओढा."

त्याने ओढला. माऊस टेबलाच्या कडेला आला, तरी बाण अर्ध्यावरच. मग त्याने टेबलाखालून, पोटाजवळून, हवेतच माऊस आणखी खाली नेला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारच्या पाटकऱ्याने तर माऊस उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यासमोर धरला होता, पण तो वयाने लहान, त्याच्या हसण्यात सगळे सामील झाले. याच्या वेळी मात्र ती मुलगी हसू दाबत म्हणाली, "उचलायचा काका, उचलून परत मध्ये ठेवायचा. बाण तिथंच थांबतो."

"हे आधी सांगायचं ना, पोरी."

दुपारपर्यंत त्याच्या खांद्यात गोळा आला. मणाचं दार उचलून कधी आला नव्हता एवढा. घरी येऊन त्याने हात गरम पाण्यात बुडवून ठेवला.

लेकीने दुकानातून एक बिघडलेला माऊस आणला. शेपटीसारखी वायर अर्ध्यावर तुटलेली. जेवणाचा पाट उपडा टाकून तिने तो त्यावर ठेवला. "यावर हात बसवा बाबा. आवळायचं नाही. चिमणीचं पिल्लू धरलंय असं समजा. मनगट टेकलेलं, बोटं मोकळी. आता डाव्या बटणावर एकदा टिक. आता दोनदा, लागोपाठ. टिकटिक."

"टिक... टिक."

"लागोपाठ, बाबा. दाराची कडी वाजवल्यासारखं नाही."

बायको गोणीतून सुई ओढता ओढता हसत होती. रोज जेवणानंतर तासभर हा उद्योग चाले. पुढे पडदा नाही, बाण नाही, पाटावर मेलेला माऊस सरकवत बसलेला नवरा. शेजारीण डोकावली की बायको सांगे, "ऑफिसचं काम घरी आणलंय."

रविवारी दुकान बंद असे. मालकाकडून किल्ली मागून लेक त्याला घेऊन जायची. तिने त्याला पत्त्यांचा खेळ लावून दिला. पत्त्यावर बाण न्यायचा, बटण दाबून धरायचं, ओढत न्यायचं, जागेवर आला की सोडायचं. दारंही तशीच उघडायची होती. पडद्यावर कालव्याचं चित्र, प्रत्येक दाराला एक उभी दांडी, दांडीचं टोक दाबून धरून वर ओढायचं.

दुसऱ्या रविवारी त्याने एक डाव पुरा जिंकला. पडद्यावर पत्ते उड्या मारायला लागले तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. "बघ! बघ तरी!"

"बघितलं बाबा," लेक म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती दात दिसतील असं हसली.

पण एक गोष्ट त्याला खुपत होती. हात हलता असला की बाण नीट जायचा, एका जागी थांबवला की मात्र थरथरायचा. माशी बसावी तसा जागच्या जागी. दांडीचं टोक बोटभर रुंद, बाण त्याच्या आत बाहेर होई.

"तुझ्या मशीनमध्ये काहीतरी आहे," तो म्हणाला.

लेकीने माऊस उपडा करून पुसला. दुसरा लावला. मग टेबल हलतंय म्हणून पायाखाली पुठ्ठा घातला. बाण थरथरतच राहिला.

"उठा जरा," म्हणून ती स्वतः बसली. बाण दांडीवर नेला आणि हात तसाच ठेवला. बाण खिळा ठोकल्यासारखा थांबला.

दोघेही पडद्याकडे बघत राहिले. मग लेकीने हळूच मान वळवून बापाच्या हाताकडे बघितलं. तो मांडीवर होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, तंबाखू मळल्यासारखी. तळहातात तंबाखू नव्हती.

"कधीपासून, बाबा?"

"काय कधीपासून?"

तिला आठवत होतं, हिवाळ्यापासून बाबा चहा बशीत ओतून पीत नाहीत. आईच्या सुईत दोरा ओवून देत नाहीत, डोळे गेले म्हणतात. चाकावर हे कुणाला दिसलंच नसतं. चाकाला एवढं वजन, की ते हातालाच धरून ठेवायचं.

डॉक्टरने त्याला बोटं मिटून उघडायला लावली, खोलीत चालायला लावलं, कागदावर गोगलगायीच्या पाठीसारखं चक्र काढायला लावलं. चक्र आत जाता जाता बारीक आणि करवतीसारखं झालं. डॉक्टर म्हणाले, "कंपवात. जीव घेत नाही, पण वाढत जाणार. गोळ्या देतो. गोळी लागू झाली की दोन-तीन तास हात शांत राहील. पुढं बघू."

"दोन-तीन तास रोज?" पाटकऱ्याने विचारलं.

"सध्या तरी."

त्याने मनात हिशेब केला. परीक्षा तासाभराची.

बाहेर लिंबाखाली सायकल लावली होती. कुलूप काढायला वाकलेला तो तसाच राहिला. किल्ली भोकात जात नव्हती. लेकीने घेतली आणि लावली.

"ऑफिसात सांगू नकोस," तो म्हणाला.

"बाबा, शेतांचा प्रश्न आहे."

"दोन वर्षं. गोळ्या घेऊन काढीन. तुझ्या पाया पडतो म्हणू का?"

"असलं बोलू नका."

"मग नको ना सांगू."

तिने ऑफिसात सांगितलं नाही. आईलाही तिने अर्धंच सांगितलं, शिरेचा त्रास आहे म्हणून. बायकोने त्या दिवसापासून त्याला सुई ओवायला सांगणं सोडलं.

परीक्षेच्या दिवशी लेकीने घड्याळ बघून त्याला गोळी दिली. हात खरंच शांत झाला. लहानपणी ताप उतरल्यावर वाटतं तसं त्याला हलकं वाटलं. पाचही दारं त्याने चुकी न करता उचलली, मिटली. प्रत्येक वेळी मशीन विचारायचं, "नक्की?" आणि तो "होय" दाबायचा. शिकवणाऱ्या मुलीने टाळी वाजवली. साहेब म्हणाले, "म्हातारा पास!" दोघांत त्याचं नाव पहिलं लागलं.

आठवड्याने चाकं काढून नेली. एका ट्रकमध्ये सगळी मावली.

नव्या मोटरवर पहिली पाळी सुटायची होती ती शेवटच्या चारीसाठी. खालच्या लोकांनी अर्ज केला होता, तेव्हा पहिलं पाणी त्यांनाच, असं साहेबांनी जाहीर केलं. तिथली एक काकू आदल्या दिवशी पाटकऱ्याला रस्त्यात भेटली. सत्तरीला आलेली, एकटीच शेत करणारी. त्या अर्जावर तिने अंगठा दिला नव्हता. आलेल्यांना तिने तोंडावर सांगितलं होतं, "बाकीच्यांचं मला माहीत नाही, आमचा पाटकरी पाणी विकणारा नाही."

"वांग्यांना फूल आलंय रे," ती म्हणाली. "उद्या आलं ना पाणी, तर धरतील. नाहीतर गळलं सगळं."

"येणार काकू. माझ्याच हातात आहे."

पाणी दहा वाजता सोडायचं होतं. लेकीने साडेनऊला गोळी दिली. पण मोठे साहेब यायचे होते, ते बाराला आले. मग खुर्च्या कमी पडल्या, मग माईक घुरघुरला, मग भाषणं. पाटकरी मशीनपुढे नवा सदरा घालून बसला होता. एक वाजायला आला तेव्हा त्याच्या अंगठ्याने बोटाला शोधायला सुरुवात केली. त्याने हात मांडीखाली दाबला. दुसरी गोळी घरी फळीवर होती. लेक दुकानात.

"हं, सोडा!" मोठे साहेब म्हणाले, आणि सगळे त्याच्या पाठीशी गोळा झाले. कुणीतरी मोबाईल वर धरला.

पहिलं, दुसरं, तिसरं दार मिटलेलंच ठेवायचं. चौथं अर्धं. शेवटची दांडी उरली. तिला लागूनच सांडव्याची दांडी होती, जिथून जास्तीचं पाणी नाल्यात सोडतात. बाण दोन्हींच्या मध्ये फडफडत होता. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, दाबलं, ओढलं, सोडलं. मशीनने विचारलं, "नक्की?" मागून कुणाचा तरी श्वास त्याच्या मानेवर येत होता. त्याने "होय" दाबलं.

टाळ्या झाल्या. त्याच्या गळ्यात हार पडला.

पूर्वी पाणी सुटलं की तो कंदील घेऊन त्याच्याबरोबर बांधाने चालत जायचा, शेवटच्या शेतात पोचेपर्यंत. साहेब म्हणाले, "आता ते बंद. घरी जाऊन झोपा. मशीन जागं आहे." बायको खूश झाली. पाळीच्या दिवशी नवरा घरात, असं लग्नापासून पहिल्यांदा घडत होतं. त्याला बरं वाटत नव्हतं, पण ते गर्दीमुळे असेल असं त्याने धरलं.

सकाळी काकू दारात उभी होती. दोन कोस चालून आली होती. पाय धुळीने भरलेले.

"कधी सोडणार रे पाणी?"

त्याच्या तोंडात दात घासायचं मंजन होतं. ते तसंच ठेवून त्याने सायकल काढली.

नाल्याच्या पुलावर त्याला लांबूनच आवाज आला. नाला दुथडी वाहत होता. खडकांवरून पांढरं पाणी उड्या मारत होतं, दोन म्हशी गळ्यापर्यंत बसल्या होत्या. चाळीस दिवस साठवलेलं पाणी काल दुपारपासून तिथं जात होतं. पुलावर उभा असलेला एक माणूस त्याला म्हणाला, "वा पाटकरी! ऐन उन्हाळ्यात नाला वाहवलात!"

तो सांडव्याच्या दाराशी धावला. चाकाच्या जागी फक्त लोखंडी दांडा उभा होता, गुळगुळीत, मनगटाएवढा. मोटरच्या पेटीला कुलूप. त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि पिळायला लागला. तळव्यांची सालटी निघाली. दांडा रक्ताने निसटू लागला तेव्हा त्याने सदरा काढून गुंडाळला आणि पुन्हा पिळलं. दार तसूभर हललं नाही. हात मात्र या वेळी जराही थरथरत नव्हता. ते त्याच्या लक्षात आलं, आणि तिथेच दांड्याला कपाळ टेकून तो रडला.

मग त्याने लेकीला फोन लावला. शब्द नीट निघत नव्हते. तिला "सांडवा" एवढंच कळलं. दुकान उघडं टाकून ती ऑफिसकडे पळाली. पहारेकऱ्याने अडवलं तर त्याला ढकलून आत गेली, आणि पाच मिनिटांत इकडे बापाच्या डोळ्यांपुढे दार घरघरत खाली आलं. तोवर वरचं पाणी संपत आलं होतं. शेवटच्या चारीत गेलं ते चिमण्यांना पुरेल इतकं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला बोलावलं. लेक बरोबर आली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मोटर नवीन आहे, वायरिंग नवीन आहे. यंत्रात बिघाड, असं मी लिहितो. ठेकेदार ओरडेल, ओरडू दे. तुमची दोन वर्षं आहेत ना?"

पाटकरी उभाच होता. तळव्यांना चिंध्या बांधलेल्या.

"यंत्र नीट आहे, साहेब. माझा हात हलतो. परीक्षेच्या आधीपासून. मी लपवलं."

"बाबा," लेक म्हणाली.

"हिलाही मीच गप्प केलं."

साहेबाने बराच वेळ टेबलावरच्या काचेवर बोट फिरवलं. "लिहून द्यावं लागेल," तो म्हणाला.

पाटकऱ्याने लिहिलं. पहिला शब्द बरा आला. मग अक्षरं बारीक होत गेली, ओळीच्या शेवटी तर मुंग्या गेल्यासारखी दिसत होती. साहेबाने कागद उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला, आणि शेवटी लेकीपुढे ठेवला. "तुम्ही लिहा ताई. हे वर पाठवलं तर कुणाला वाचता येणार नाही."

बाप सांगत गेला, लेक लिहीत गेली. "माझ्या चुकीमुळे" याच्यापाशी तिचं पेन थांबलं. "लिही," तो म्हणाला. तिने लिहिलं. सही तेवढी त्याने केली.

जायला निघाले तेव्हा साहेब तिला म्हणाला, "काल दार तुम्हीच बंद केलंत ना? जागा तर आता रिकामी झाली."

"मला नको," ती म्हणाली आणि बाहेर पडली. वाटेत ती त्याच्या चार पावलं पुढे चालत होती. घरी आल्यावर आईपुढे तिचा बांध फुटला. "यांच्याच खुर्चीत बसू का मी? लोक काय म्हणतील? बापाला उठवून लेक बसली म्हणतील!"

बायकोला त्या दिवशी सगळं कळलं. तिने नवऱ्याचे हात ओढून घेतले, चिंध्या सोडल्या, तेल लावलं. उजवा हात तिच्या दोन्ही हातांत थडथडत राहिला. ती तो धरूनच बसली.

"तू बस त्या खुर्चीत," पाटकरी लेकीला म्हणाला. "दुसरा कुणी बसला तर त्याला शेवटची चारी कुठंय तेसुद्धा माहीत नसेल. तुला मी सांगेन तरी."

पुढच्या चाळीस दिवसांत त्याने तिला सगळा कालवा पायी फिरवून दाखवला. कुठं भेग आहे, कुठं खेकड्यांनी बांध पोखरलाय, कुठं पाणी रेंगाळतं. काकूचं शेत आलं की मात्र तो वाट बदलायचा.

पाळीच्या दिवशी तो ऑफिसच्या पायरीवर बसला. आत यायला त्याला आता परवानगी नव्हती. लेकीने खिडकीतून विचारलं, "बाबा, शेवटचं दार किती उचलू?"

त्याने बोटं वर केली. चार. लेक बघत राहिली. बोटं अशी नाचत होती की तीन होती का पाच, तिला मोजता येईना.

"तोंडानं सांगा बाबा," ती हळू आवाजात म्हणाली.

"चार बोटं," तो म्हणाला, आणि हात बगलेत घातला.

दार बरोबर उघडलं. तो पाण्याबरोबर चालू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. पाण्याचं तोंड कोरड्या पाचोळ्याला ढकलत, भेगांत उतरत, भरून पुढे सरकत होतं. दुपार कलायच्या सुमाराला ते शेवटच्या चारीला लागलं. चाळीस दिवस टाळलेल्या वाटेवर तो आता आला होता.

काकूच्या शेतात काहीच नव्हतं. वांगी उपटून बांधावर टाकली होती, ती वाळून काड्या झाल्या होत्या. जमीन टाच आत जाईल एवढी उलली होती. काकू फावडं घेऊन वाफ्याच्या तोंडाशी उभी होती.

"आलं का?" ती म्हणाली. पाण्याला म्हणाली की त्याला, ते कळलं नाही.

"काकू, त्या दिवशी माझ्याच हातून..."

"ऐकलंय मी. सगळ्यांना सांगत सुटलायस म्हणे."

पाणी तिच्या वाफ्यापाशी येऊन थबकलं, आत वळू लागलं. काकूने फावडं मारलं आणि चिखलाचा गोळा वाफ्याच्या तोंडावर टाकला.

"हे काय करताय? तुमचीच पाळी आहे."

"कशाला पाजू? ढेकळांना? पलीकडच्याचा ऊस उभा आहे अजून, त्याला जाऊ दे."

चिखल कमी पडत होता, कडेने पाणी झिरपत होतं. तो पुढे झाला, तिच्या हातून त्याने फावडं घेतलं. ते त्याने उचललं, पण पातं दांड्यासकट लटपटत बांधावर आपटलं आणि आधी घातलेला चिखलही सुटला. पाणी पुन्हा आत शिरलं.

काकूने फावड्याचा दांडा धरला. त्याने सोडला नाही. क्षणभर दोघांनीही तो धरून ठेवला. मग तिने एकेक करून त्याची बोटं सोडवली, जशी झोपलेल्या मुलाची सोडवतात.

"तू बस," ती म्हणाली.

तो बांधावर बसला. तिने चार घाव घातले, तोंड बंद केलं, पायाने चेपलं. पाणी तिच्या शेताला वळसा घालून पुढे गेलं.